असेंबल्ड की ब्रँडेड: एकाच घरातील दोन गरजा, दोन उत्तरे

प्रश्न सांगलीच्या एका करसल्लागारांचा आहे. त्यांच्या कार्यालयातील तीन जुने संगणक विंडोज ११ साठी पात्र ठरत नाहीत, आणि विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, त्यामुळे ते बदलणे भाग आहे. त्याच सुमारास आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या त्यांच्या मुलीलाही घरी एक ताकदीचा संगणक हवा आहे. ओळखीचा दुकानदार असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून तयार केलेला, घ्या म्हणतो, मेहुणे ब्रँडेडशिवाय घेऊ नका म्हणतात आणि मुलगी म्हणते की सुटे भाग आणून मी स्वतःच जोडते. कोणाचे ऐकावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली २२ वर्षे पुण्यात संगणक जोडण्याचे आणि दुरुस्तीचे काम करतो, आणि या काळात दोन्ही प्रकारची यंत्रे माझ्या टेबलावर सारख्याच संख्येने उघडी पडलेली मी पाहिली आहेत. माझे उत्तर असे की कार्यालयासाठी ब्रँडेड घ्यावेत आणि मुलीला तिचा संगणक स्वतः जोडू द्यावा. एकाच घरात दोन वेगळी उत्तरे देण्याचे कारण म्हणजे हा निर्णय मी किमतीवरून करत नाही. एखाद्या सकाळी बटण दाबल्यावर यंत्र सुरू झाले नाही, तर त्या क्षणी ते कोणाचे काम असेल आणि त्यात किती दिवस गेलेले चालतील, यावरून करतो.

तरीही किमतीचा विषय आधी संपवतो, कारण बहुतेक चर्चा तिथेच अडकते. असेंबल्ड स्वस्त पडतो, ही समजूत आपल्याकडे नव्वदच्या दशकापासून घट्ट आहे आणि त्या काळी ती खरीच होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या भागांचा संगणक कंपनीच्या संगणकापेक्षा बराच कमी पैशांत उभा राहत असे. आज तो फरक कायमचा राहिलेला नाही; तो बाजाराबरोबर खालीवर होतो. २०११ मध्ये थायलंडमध्ये महापूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि काही आठवड्यांत आपल्या गल्लीतल्या हार्ड डिस्कचे भाव चढले. २०२१ मध्ये आभासी चलनाच्या मायनिंगमुळे आणि चिपच्या टंचाईमुळे ग्राफिक्स कार्ड छापील किमतीला मिळेनासे झाले होते, आणि तेव्हा मी स्वतः काही ग्राहकांना तेच कार्ड बसवलेला तयार संगणक घ्यायला सांगितले, कारण पूर्ण यंत्र सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडत होते. २०२५ च्या अखेरीस हीच गत रॅमची, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीची झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडे मेमरीचा माल वळला, भाव भडकले आणि मायक्रॉनसारख्या कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. मोठ्या कंपन्यांनी आगाऊ करार केलेले असतात, त्यामुळे अशा दिवसांत त्यांच्या तयार यंत्रांवर भाववाढ थोडी उशिरा पोचते. म्हणून ज्या आठवड्यात खरेदी करायची त्याच आठवड्यात दोन्हींचे भाव काढावेत. मागच्या दिवाळीला पुतण्याने काय दिले, त्याचा उपयोग नाही.

भावांची तुलना करताना एक गोष्ट हमखास सुटते, ती विंडोजच्या परवान्याची. ब्रँडेड यंत्राच्या किमतीत बहुधा खरा परवाना धरलेला असतो. असेंबल्डच्या कोटेशनमध्ये बहुतेक वेळा ती ओळच नसते आणि दुकानदार ‘विंडोज टाकून देतो’ एवढेच म्हणतो. याचा अर्थ तो चोरीची प्रत टाकून देतो. घरच्या वापरासाठी विंडोज ११ चा किरकोळ परवाना रीतसर घेतला, तर तो दहा हजारांच्या घरात जातो, आणि ही रक्कम मिळवली की असेंबल्डची बचत पुष्कळदा संपते. ज्या यंत्रावर लोकांचे पॅन क्रमांक, बँकेचे उतारे आणि विवरणपत्रांचे पासवर्ड राहणार आहेत, त्यावर कोणीतरी कुलूप तोडून दिलेली कार्यप्रणाली बसवणे मला अत्यंत गैर वाटते. ती प्रत सक्रिय करणारी छोटी प्रणाली चालवण्यासाठी अँटिव्हायरस आधी बंद करायला सांगतात, यावरूनच ती काय करू शकते हे ओळखावे. कार्यालयासाठी मी ब्रँडेड सुचवतो त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

दुसरे कारण वॉरंटीचे. आपल्या कार्यालयात टॅली, एक्सेल, ब्राउझर आणि दोन-तीन सरकारी पोर्टल चालतात. एवढ्याला आजचा कोणताही साधा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि साठवणीसाठी ५१२ जीबीची एसएसडी पुरते. या कामात यंत्राच्या ताकदीवर काहीच अडत नाही. अडते ते विवरणपत्रांच्या ३१ जुलैच्या मुदतीआधीच्या आठवड्यात यंत्र बंद पडले तर. कंपन्यांच्या डेस्कटॉपमध्ये घरगुती आणि व्यावसायिक अशा दोन वेगळ्या मालिका असतात, आणि व्यावसायिक मालिकेला तीन वर्षांची, कामाच्या दुसऱ्या दिवशी माणूस जागेवर येईल अशी सेवा घेता येते. एक फोन, एक सिरियल नंबर, आणि मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) बिघडला की एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय), हे ठरवण्याचे काम त्यांचे. मात्र हे गृहीत धरू नका. आपल्या पिन कोडवर जागेवर सेवा खरोखर मिळते का, आणि पुढच्या दिवसाचे वचन सांगलीला लागू आहे की फक्त पुण्या-मुंबईला, हे विक्रेत्याकडून ईमेलवर लिहून घ्या. बिल फर्मच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घ्यायचे, म्हणजे १८ टक्के कराचे क्रेडिट मिळते, आणि संगणकावरचा ४० टक्के घसारा आहेच. हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

असेंबल्डच्या बाबतीत वॉरंटी नसते असे नाही. ती तुकड्यांत असते. बॉक्समधून आलेल्या प्रोसेसरला तीन वर्षे, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डला बहुधा तीन, चांगल्या एसएसडीला पाच, चांगल्या पॉवर सप्लायला पाच ते दहा, आणि रॅमला अनेकदा त्याहूनही जास्त. वर्षे मोजली तर असेंबल्डची वॉरंटी ब्रँडेडपेक्षा सरस दिसते. फक्त दोष नेमका कोणत्या भागात आहे, हे आधी तुम्हाला सिद्ध करावे लागते, मग तो भाग काढून त्या-त्या कंपनीच्या सेवा केंद्रात द्यावा लागतो आणि तो परत येईपर्यंत यंत्र उघडे पडून राहते. सांगलीहून तो भाग बऱ्याचदा कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईला जातो आणि दोन-तीन आठवडे सहज निघून जातात. विद्यार्थिनी या काळात मैत्रिणीच्या लॅपटॉपवर काम भागवू शकेल. कार्यालयाला ते परवडणार नाही.

आता ब्रँडेडची दुसरी बाजू, जी विकत घेताना कोणी सांगत नाही. स्वतः संगणक जोडणे शक्य होते ते मुळात मापे ठरलेली असल्यामुळे. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पहिला पीसी खुल्या रचनेवर आणला, आणि १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवले. बोर्डाची भोके कुठे असावीत, पॉवर सप्लायचा डबा केवढा असावा, त्याची पिन कुठे असावी, हे सारे त्यात आहे, आणि ३० वर्षांनंतरही आपण तीच भोके वापरतो. बऱ्याच ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये हे माप पाळलेले नसते. जागा आणि खर्च वाचवण्यासाठी बोर्ड वेगळ्या आकाराचा, पॉवर सप्लाय अरुंद आणि त्याची पिन कंपनीची स्वतःची. वॉरंटी आहे तोवर याने काही बिघडत नाही. नंतर बिघडते.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षकांचा असा संगणक माझ्याकडे आला होता. चौथे वर्ष लागले होते, वॉरंटी संपली होती आणि पॉवर सप्लाय गेला होता. उघडून पाहिले तर आत एक पाल शिरून मेलेली, तिच्या अंगावरून वीज जाऊन फ्यूज आणि पुढचा मॉस्फेट हा वीज चालू-बंद करणारा भाग उडालेला. आपल्याकडे पाली आणि झुरळे उबेसाठी कॅबिनेटमध्ये शिरतात, हा माझ्या नोंदवहीतला नेहमीचा दोष आहे. यंत्र एटीएक्स मापाचे असते, तर त्याच दिवशी दुपारी नवा पॉवर सप्लाय बसवून मी ते परत केले असते. इथे बोर्डाला २४ पिनांऐवजी कंपनीची स्वतःची सहा पिनांची जोडणी होती आणि डबा बाजारातल्या कोणत्याही डब्याशी जुळत नव्हता. सुटा भाग कंपनीकडे शिल्लक नव्हता. जुन्या यंत्रातून काढलेला एक सप्लाय दिल्लीहून मागवला, त्यात तीन आठवडे गेले, आणि तो किती टिकेल याची खात्री मी त्यांना देऊ शकलो नाही. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळे ठणठणीत असताना एका बारक्या डब्यापायी पूर्ण यंत्र निकालात निघण्याची वेळ आली होती. म्हणून कार्यालयासाठी तीन यंत्रे घ्यायचीच असतील, तर तिन्ही एकाच मॉडेलची घ्या. पाच-सहा वर्षांनी एक बंद पडेल तेव्हा त्याचे भाग उरलेल्या दोघांना कामी येतात.

मुलीच्या यंत्राचा विचार पूर्ण वेगळा आहे. ती ऑटोकॅड, रेव्हिट, स्केचअप यांवर काम करील आणि वरच्या वर्षांत लुमियन किंवा एन्स्केपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर, म्हणजे मॉडेलवरून खऱ्यासारखी चित्रे, काढील. यातले आराखडा आणि मॉडेल बनवण्याचे काम बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (गणना करणाऱ्या एकाच भागावर) चालते, म्हणून तिथे कोअरची संख्या वाढवण्यापेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा. सहा किंवा आठ कोअरचा चालू पिढीचा प्रोसेसर भरपूर झाला. रेंडरचे काम मात्र ग्राफिक्स कार्डवर चालते आणि कार्डाची स्वतःची मेमरी संपली की दृश्य एकतर अडखळते किंवा सॉफ्टवेअर बंद पडते. इथे बाजारात एक फसगत होते, ती जवळून दाखवतो. एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळते. नाव तेच, खोका जवळपास तसाच. तयार संगणकाच्या जाहिरातीत अनेकदा केवळ ‘५०६० टीआय’ एवढेच लिहिलेले असते आणि आत ८ जीबीचे कार्ड निघते. मोठ्या इमारतीचे दृश्य, त्यात झाडे, माणसे, काचा आल्या की नेमके तेच ८ जीबी अपुरे पडतात. सुटे भाग घेणारी व्यक्ती हा आकडा खोक्यावर वाचून घेते, आणि स्वतः जोडण्याचा पहिला फायदा मला इथे दिसतो.

रॅमचेही असेच. तयार यंत्रात ‘१६ जीबी’ लिहिलेले असते, पण ते बहुधा एकाच पट्टीचे असतात, कारण एक पट्टी स्वस्त पडते आणि दुसरी जागा ‘पुढे वाढवण्यासाठी’ मोकळी आहे असे सांगता येते. डीडीआर५-५६०० ची एक पट्टी सेकंदाला सुमारे ४४.८ जीबी माहिती वाहून नेते आणि दोन पट्ट्या मिळून ८९.६. म्हणजे तेवढीच क्षमता दोन पट्ट्यांत घेतली, तर रस्ता दुप्पट रुंद होतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात तर हा फरक मॉडेल फिरवताना लगेच जाणवतो. तिच्यासाठी १६ जीबीच्या दोन पट्ट्या, एकूण ३२ जीबी घ्याव्यात. रॅमचे आजचे भाव पाहता हात आखडला जाईल हे मला कळते, पण बचत दुसरीकडे करा, इथे नको. ती कुठे करायची तेही सांगतो. कॅबिनेटचे रंगीत दिवे, पाण्याचा कूलर, अतिमहाग मदरबोर्ड आणि सर्वांत वेगवान एसएसडी यांतले काहीही तिच्या कामाला लागत नाही. एक टीबीची, टीएलसी प्रकारची साधी एनव्हीएमई एसएसडी आणि कामाच्या दुसऱ्या प्रतीसाठी एक हार्ड डिस्क पुरे आहे.

मदरबोर्ड निवडताना पुढच्या पाच वर्षांचा विचार करा. २०१८ मध्ये मी एका मूर्तिकाराच्या मुलाला एएमडीच्या बी४५० बोर्डावर रायझेन ५ २६०० बसवून दिला होता. २०२२ मध्ये त्याने त्याच बोर्डावर बायॉस (बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून रायझेन ५ ५६०० बसवला. बोर्ड, रॅम, कॅबिनेट, पॉवर सप्लाय, सगळे तेच राहिले आणि यंत्राला नवा जन्म मिळाला. एएमडीचा सध्याचा एएम५ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसण्याची जागा) २०२२ मध्ये आला आणि त्याला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही आधार देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे, म्हणून विद्यार्थ्यांसाठी माझा कल आज तिकडे आहे. इंटेलचे प्रोसेसर कामात कमी नाहीत, पण तिथे सॉकेट लवकर बदलतो.

स्वतः जोडणाऱ्याने एक जबाबदारी मात्र ओळखली पाहिजे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते हळूहळू निकामी होत होते. २०२४ मध्ये कंपनीने हे मान्य केले, ऑगस्टपासून दुरुस्तीचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही दुरुस्ती बायॉसमधून यायची होती, आणि ज्यांनी यंत्र जोडल्यानंतर बायॉसकडे कधी पाहिलेच नाही त्यांचे प्रोसेसर तसेच झिजत राहिले. ब्रँडेड यंत्रात अशी सूचना कंपनीचे सॉफ्टवेअर आणून समोर ठेवते. स्वतः जोडलेल्या यंत्रात ती शोधणे आपलेच काम. वर्षातून दोनदा बोर्डाच्या संकेतस्थळावर जाऊन बायॉसची यादी वाचायची, एवढी सवय मुलीने लावून घ्यावी.

पॉवर सप्लायवर मी थोडा जास्त थांबतो, कारण असेंबल्ड संगणकाची बदनामी झाली आहे ती मुख्यतः या एका भागामुळे. कोटेशनमध्ये प्रोसेसरचे पूर्ण नाव असते, कार्डाचे असते, आणि शेवटच्या ओळीत ‘कॅबिनेट वुइथ एसएमपीएस’ असे लिहिलेले असते. तो फुकटात येणारा डबा हातात घेऊन पाहिला तरी कळते. वजनच नसते त्याला. आत इनपुट फिल्टरची जागा रिकामी सोडलेली असते, कपॅसिटर छोटे असतात आणि वर ‘५०० वॉट’ छापलेले असते. खरा प्रश्न १२ व्होल्टच्या वाहिनीवर किती अँपिअर मिळतात हा आहे, आणि तो आकडा डब्याच्या बाजूच्या तक्त्यात असतो. त्याला १२ ने गुणा. उत्तर छापलेल्या वॉटच्या जवळपास आले नाही, तर तो सप्लाय घेऊ नका. ८० प्लसचे चिन्ह कार्यक्षमता सांगते, संरक्षण आणि टिकाऊपणा सांगत नाही, हेही लक्षात असू द्या. वर सांगितलेल्या ५०६० टीआय कार्डाला सुमारे १८० वॉट लागतात, तेव्हा नामांकित कंपनीचा, किमान पाच वर्षे वॉरंटीचा ६५० वॉटचा सप्लाय तिला पुरून उरेल आणि पुढचे कार्डही पेलेल.

आता प्रत्यक्ष जोडणीबद्दल. हे काम अवघड नाही, पण घाईचे नाही. एक पूर्ण रविवार ठेवा, सतरंजी किंवा गालिचा टाळून लाकडी टेबलावर बसा आणि पंखा बंद करा, कारण थर्मल पेस्टवर (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या उष्णता वाहणाऱ्या लेपावर) आणि सॉकेटमध्ये धूळ बसायला नको. काही भाग हातात घेण्यापूर्वी अर्थिंग असलेल्या कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. एएम५ मध्ये प्रोसेसरच्या पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक, आणि त्यावर प्रोसेसर सरळ वरून ठेवायचा, सरकवायचा नाही. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळला की तो आपल्या वजनाने बसतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या वाकलेल्या पिनांपैकी बहुतेक इथेच, एका क्षणाच्या घाईने वाकलेल्या असतात. पेस्ट वाटाण्याएवढी लावायची. रॅमच्या चार जागा असतील, तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत पट्ट्या बसवायच्या.

यानंतर एक पायरी अशी आहे, जी मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला शिकवतो. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्याच्यावर ठेवून एकदा सुरू करून पाहा. खोक्यावरच ठेवा, तो ज्या चंदेरी पिशवीत येतो तिचा पृष्ठभाग वीज वाहू शकतो. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, पॉवर सप्लाय आणि मॉनिटर एवढेच जोडायचे, पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडायच्या आणि वाट पाहायची. डीडीआर५ च्या बोर्डावर पहिल्यांदा सुरू करताना रॅमची जुळवणी चालते आणि कित्येक मिनिटे पडदा काळाच राहतो. या काळ्या पडद्याला घाबरून अनेक जण मध्येच वीज बंद करतात, पुन्हा जोडाजोड करतात आणि चांगल्या बोर्डाला खराब ठरवून परत पाठवतात. दहा मिनिटे थांबा. बायॉसचा पडदा दिसला की अर्धी लढाई जिंकली, आणि पुढे काही बिघडले तर ते कॅबिनेटमध्ये बसवताना बिघडले हे तुम्हाला ठाऊक असते.

कॅबिनेटमध्ये बसवताना पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब, बोर्डाच्या भोकांशी मोजून घ्या. एक जरी भलत्या जागी राहिला, तर तो बोर्डाच्या पाठीला टेकतो आणि यंत्र सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन महिन्याभराने मरते. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा. बोर्डाला लावून ‘एवढे महागाचे कार्ड घेतले आणि वेग नाही’ अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडे आले आहेत. बायॉसमध्ये जाऊन रॅमचा एक्स्पो पर्याय सुरू केल्याशिवाय रॅम आपल्या पूर्ण वेगाने चालत नाही. आणि पहिली रात्र मेमटेस्ट ही रॅम तपासणारी चाचणी चालू ठेवून झोपा. रॅममध्ये दोष असेल, तर तो पहिल्याच आठवड्यात, बदलून मिळण्याच्या मुदतीत कळायला हवा.

सांगलीचा उन्हाळा लक्षात घेऊन तापमानही तपासा. जानेवारीच्या रात्री २० अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर चालणारा प्रोसेसर एप्रिलच्या दुपारी ४० अंशांच्या खोलीत ९० च्या पुढे जातो, कारण खोलीतला फरक जवळजवळ तसाच आत पोचतो. पुढून जाळी असलेले कॅबिनेट, पुढे दोन पंखे आणि मागे एक, आणि दर दोन महिन्यांनी जाळी ब्रशने साफ. काचेने पूर्ण बंद केलेले देखणे कॅबिनेट आपल्या हवेसाठी नाही.

दुकानदाराकडून असेंबल करून घेण्याचा तिसरा मार्ग मी नाकारत नाही. महाराष्ट्रातल्या लहान गावांतले बहुतेक संगणक असेच उभे राहिले आहेत आणि चांगला दुकानदार हा कोणत्याही टोल फ्री क्रमांकापेक्षा मोठा आधार असतो. मुलीचे परीक्षेचे दिवस असतील आणि वेळ नसेल, तर तोच मार्ग घ्या. मात्र कोटेशनमध्ये प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल असावे, बिलावर सिरियल नंबर असावेत, सगळे खोके तुमच्याकडे यावेत आणि ते वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवावेत. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्या. खोक्याविना, ट्रेमधून आलेल्या प्रोसेसरची वॉरंटी विक्रेत्याच्या शब्दावर असते, आणि परदेशातून कोणी सूटकेसमधून आणलेल्या कार्डाला इथले सेवा केंद्र पुष्कळदा हात लावत नाही. जो दुकानदार या अटींवर कुरकुर करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

मुलीने स्वतः जोडावे, असे मी म्हणतो त्यात आणखी एक कारण आहे आणि ते मला मनापासून महत्त्वाचे वाटते. ज्याने बोर्ड एकदा हाताने बसवला आहे, त्याला पुढे दोष शोधताना भीती वाटत नाही. रात्री दोनला, दुसऱ्या दिवशी ज्युरी (परीक्षकांपुढचे सादरीकरण) असताना यंत्र बंद पडले, तर ती एक रॅम काढून पाहील, कार्ड काढून बोर्डाच्या पोर्टवर मॉनिटर लावील, आणि दहापैकी सहा-सात वेळा तिचे तिलाच उत्तर सापडेल. सुट्या वॉरंटीचा जो तोटा मी वर सांगितला, तो या एका रविवारच्या शिकण्याने बराच भरून निघतो. कार्यालयातल्या कर्मचाऱ्याकडून मी ही अपेक्षा करणार नाही आणि आपणही करू नये.

भाग मागवण्यापूर्वी घरच्या वीजजोडणीची तपासणी करून घ्या, कारण ब्रँडेड असो वा असेंबल्ड, हे दोघांनाही लागू आहे. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात मला बोलावले होते. घरातला लहान मुलगा कॅबिनेटला हात लावला की ‘मुंग्या येतात’ म्हणत होता. मल्टिमीटर लावला तर कॅबिनेट आणि जमीन यांच्यात ११० व्होल्टच्या आसपास दाखवत होते. पॉवर सप्लायच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोघांपासून अर्थकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, आणि अर्थिंगची तार कुठेच पोचलेली नसली, की २३० व्होल्टचे निम्मे व्होल्टेज पत्र्यावर येऊन बसते. त्या घरातली तिसरी पिन फक्त दिसायला होती. तिथे दोन वर्षांत दोन मदरबोर्ड जळाले होते आणि दोन्ही वेळा दोष बोर्डाच्या कंपनीला दिला गेला होता. वायरमनला बोलावून ज्या सॉकेटवर संगणक लागणार त्यावर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तिन्ही मापे घ्यायला सांगा. पहिली दोन जवळजवळ सारखी आणि तिसरे दोन-तीन व्होल्टच्या आत आले, तर मुलीने खुशाल भाग मागवावेत. तिसरे माप जास्त आले किंवा फेज-अर्थचा आकडा अर्धवट दिसला, तर आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्या, आणि तोवर नव्या बोर्डाचे खोके उघडू नका.